विभेदनक्षमता, दूरचित्रवाणीची
पडद्यावरील चित्रात लगतचे सूक्ष्म तपशील वेगवेगळे दाखविण्याच्या क्षमतेस विभेदनक्षमता म्हणतात. चित्र जितक्या अधिक रेषांत वा बिंदूंत विभागलेले असते, तितकी ती अधिक असते. घरगुती प्रेक्षकास तिचा लाभ किती होतो, हे मात्र पडद्याचा आकार व त्यापासूनचे अंतर यांवर ठरते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतात स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सु. ५७५ रेषा प्रत्यक्ष चित्रासाठी वापरल्या जात. निरोगी डोळ्यास सु. १ मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्यामुळे ५१ सेंमी. कर्णाच्या पडद्यावरील रेषा सु. २ मी. पलीकडून एकजीव दिसत व अधिक रेषांची उणीव सहसा भासत नसे.

कोकण किनाऱ्यावरील अडचण निराळी होती. समुद्रकाठच्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले कुणकेश्वर (ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग) मुंबईपासून सरळ रेषेत जवळजवळ ३०० किमी. दूर आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने पृथ्वीची वक्रता व डोंगर त्यांच्या आड येतात. क्षीण संकेतामुळे चित्रावर ठिपके उमटत असतील, तर पडद्याची विभेदनक्षमता व्यर्थ ठरते. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. १९८४ च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांचा देशभर विस्तार झाला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने उपग्रहावरून थेट घरोघरी निःशुल्क प्रक्षेपण सुरू केल्यावर महानगर व किनाऱ्यावरील खेडे यांना सारख्याच प्रतीचा संकेत मिळणे शक्य झाले.

पुढे सपाट व मोठे पडदे आल्याने विभेदनक्षमतेस महत्त्व आले. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे उच्च विभेदनाचे प्रक्षेपण झाले. १०९ सेंमी. कर्णाच्या रुंद पडद्यावर ५७६ रेषा सु. ३.२ मी. पर्यंत, १,०८० रेषा सु. १.७ मी. पर्यंत, तर २,१६० रेषा केवळ सु. ०.८५ मी. पर्यंत वेगळ्या जाणवू शकतात. म्हणून २.५ मी. अंतरावर बसणाऱ्या कुटुंबास पहिल्या वाढीचा लाभ स्पष्ट दिसतो. दुसरीचा जवळजवळ दिसत नाही. पडदा बराच मोठा असल्यास किंवा अंतर कमी असल्यास हा निष्कर्ष बदलतो.

संकेताचे अतिसंकोचन झाल्यास वेगवान दृश्यांतील तपशील पुसट होतात. महाशिवरात्रीच्या यात्रेतील गर्दी वा मंदिरापुढील फेसाळत्या लाटा दाखविताना हा दोष विशेष जाणवेल. पडद्यावरील बिंदू वाढवून तो नाहीसा होत नाही. उजळ व गडद भागांतील फरक आणि रंगांची यथार्थता यांचाही चित्राच्या दर्जावर मोठा परिणाम होतो. यास्तव संच निवडताना केवळ बिंदूंची संख्या नव्हे, तर खोलीतील अंतर व उपलब्ध प्रक्षेपणाचा दर्जा आधी विचारात घेणे इष्ट ठरते.