बीडच्या रानाचा पट्टा

निजामी अमलांत बीड जिल्ह्यांतील जमीन कसणाऱ्याची झालीच, असें नव्हतें. मध्यें एक कागद असे; त्याचें नांव पट्टा. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. फसली सालांत ५९० मिळविले कीं इसवी सन हातीं येतो, म्हणजे १९०७ चा. पडीत सरकारी जमीन हवी असल्यास तहसीलदाराकडे अर्ज करावा, लेखी परवानगी घ्यावी आणि मगच नांगर घालावा, असा त्यांत दंडक होता. दफ्तराची भाषा उर्दू. बिचारा कुणबी अर्ज लिहिणाऱ्याच्या भरंवशावर!

पट्टेदाराची जमीन कसणारा तो असामी शिकमी. घाम याचा, नांव त्याचें. सावकाराचें कर्ज थकलें कीं पट्ट्यावरील नांवहि बदले. १३४९ फसलींत शेतजमिनीच्या हस्तांतरावर कायद्यानें बंधन घातलें. पण तोंवर बराच उशीर झाला होता.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १९४९ मध्यें जहागिरी गेल्या. १९५० च्या कूळकायद्यानें ठराविक काळांत सलग सहा वर्षें कसणाऱ्यास संरक्षित कूळ ठरवून जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. १९५४ च्या कायद्यानें इनामेंहि रद्द झालीं. देवस्थानांचीं व दर्ग्यांचीं धर्मादाय इनामें मात्र वगळलीं.

हक्क मिळाला तरी नोंद हवीच. म्हणूनच जमिनीचा तंटा उभा राहिला कीं मराठवाड्यांत १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक अजूनहि शोधतात. पट्टेदार कोण आणि कसणारा कोण, तें त्यांत पाहतात.