चिंचिला: अँडीजपासून गोरेगावपर्यंत

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड उतारांवरचा कृंतक प्राणी. त्याच्या एकेका रोमकूपातून पन्नासहून अधिक केस उगवतात. या मऊ लोकरीपायी एकोणिसाव्या शतकात त्याची बेसुमार शिकार झाली आणि 1910 मध्ये चिली, पेरू, बोलिव्हिया व अर्जेंटिना यांना शिकारीवर बंदीचा करार करावा लागला. 1923 मध्ये खाण अभियंता मथायस चॅपमन याने चिलीतून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. उंचावरून त्यांना टप्प्याटप्प्याने खाली आणले, जहाजावर पिंजऱ्यांना बर्फाचा गारवा दिला. आजचे बहुतेक पाळीव चिंचिला याच कळपाचे वंशज मानले जातात. लोकरीसाठी सुरू झालेली ही पैदास पुढे घरगुती हौसेकडे वळली.

हौसेचे सुख म्हणजे या प्राण्याचे धूळस्नान: बारीक राखेसारख्या धुळीत तो गरागरा लोळतो आणि स्वच्छ होतो. पाण्याने भिजलेली दाट लोकर मात्र लवकर वाळत नाही. तो निशाचर असल्याने घर झोपल्यावर त्याच्या उड्या सुरू होतात. घाबरला की हातात केसांचा पुंजका सोडून निसटतो. लाकूड, वायर, जे सापडेल ते कुरतडतो. तो पंधरा-वीस वर्षे जगू शकतो, म्हणजे जबाबदारीही तितकीच लांब.

पंचवीस अंशांपुढची उष्णता त्याला घातक ठरू शकते. गोरेगावात मे महिन्यात पारा तिशीपार असतो, पावसाळ्यात हवा दमट. इथे चॅपमनच्या बर्फाची जागा एसीला घ्यावी लागते.