समाजकार्याचे शिक्षण आणि सोलापूरची वसाहत

समाजकार्य हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, ही कल्पना आपल्याकडे अर्वाचीन होय. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम निघाला, तो भूतदयेच्या व समाजसुधारणेच्या प्रेरणेतून. अशा कार्यात अंतरीची कळकळ हीच पात्रता मानली जाई.

सोलापूर शहरातील ‘सेटलमेंट’ने मात्र निराळाच प्रश्न उभा केला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला, अशी कुटुंबे येथे तारेच्या कुंपणात ठेवण्यात आली. रोजगारास गिरण्या जवळच होत्या. वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मुलांना शिकविणे, मोठ्यांना कामास लावणे आणि सर्वांची हजेरी घेणे, ही कामे एकाच व्यवस्थेत एकवटली. अशा ठिकाणी साहाय्य कोठे संपते व पहारा कोठे सुरू होतो, याचा निर्णय केवळ सद्हेतूने होत नाही.

याच मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईस नागपाडा नेबरहुड हाउस स्थापिले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांची उणीव त्यांना तेथे जाणवली. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. १९४४ मध्ये त्यास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात अध्यापनास क्षेत्रकार्याची जोड होती. सेवेच्या इच्छेस पद्धतीची व परीक्षणाची शिस्त लावावी, हा त्यामागील हेतू.

हे विद्यालय सोलापूरच्या वसाहतीतून निघाले, असे म्हणता येणार नाही. त्याचा उगम मुंबईच्या श्रमिक वस्तीत आहे. तथापि दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचले म्हणजे व्यावसायिक शिक्षणाचे खरे प्रयोजन ध्यानी येते. साहाय्य घेणाऱ्यास ते नाकारण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर कार्यकर्त्याच्या हाती सेवेबरोबर सत्ताही येते. आणि सत्तेचे भान उपजत नसते, ते शिकावे लागते.

१९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला, परंतु शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाही. विमुक्तांच्या वस्तीत क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या पूर्वसूरींची हजेरीवही स्मरणात ठेवावी. आपण केलेली नोंद कोणाच्या उपयोगी पडणार, हा प्रश्न त्याने लेखणी उचलण्यापूर्वीच स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.