दारूबंदीच्या जिल्ह्यातले न पिणे

आर्वीहून पश्चिमेला गेले की वर्धा नदी लागते. पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर, रुक्मिणीचे माहेर. कार्तिकात तिथे यात्रा भरते. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि जिल्ह्याबरोबर कायदाही बदलतो. अलीकडे वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी. पलीकडे अमरावती जिल्हा, तिथे परवानाधारक दुकाने. माझ्या आयुष्यातली पंधरा वर्षे मी ही नदी देवदर्शनापेक्षा दुसऱ्याच कारणासाठी जास्त वेळा ओलांडली. मे 2017मध्ये दारू सोडली. त्यानंतर जुनी पुस्तके आणि कायद्याची कलमे वाचत बसण्याचा नाद लागला. या लेखाचे मूळ त्या नादात आहे. दारूबंदीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु बंदीच्या जिल्ह्यात दारू सोडलेला माणूस पहिले वर्ष कसे काढतो, हा प्रश्न त्या लिखाणात क्वचितच येतो.

सुरुवात अर्थात सेवाग्रामपासून करावी लागते. गांधीजी 1936मध्ये सेगावात राहायला आले. आपल्याला तासाभरासाठी हुकूमशहा केले तर सगळी दारूची दुकाने भरपाई न देता बंद करू, या अर्थाचे त्यांनी 1931मध्येच लिहिले होते. हे वाक्य दारूबंदीच्या प्रत्येक सभेत ऐकायला मिळते. मात्र डिसेंबर 1941मध्ये बारडोलीच्या आगगाडीत त्यांनी विधायक कार्यक्रमावर जी लहानशी पुस्तिका लिहिली, तिच्यातला दारूबंदीचा परिच्छेद सभांत ऐकू येत नाही. व्यसन सोडवण्याचे मार्ग डॉक्टरांनी शोधून काढावेत, असे ते त्यात सुचवतात. शिवाय काँग्रेस समित्यांनी जागोजागी विश्रांतीची ठिकाणे उघडावीत. दमलेल्या मजुराला तिथे अंग टेकता यावे, स्वस्त आणि चांगले खायला-प्यायला मिळावे, चार खेळ खेळता यावेत, असेही म्हणतात. गुत्ता हा दमलेल्या माणसाचा संध्याकाळचा निवारा असतो, हे त्यांनी ओळखले होते. तो काढून घ्यायचा तर त्या जागी दुसरे काही उभे करावे लागेल, हा त्या परिच्छेदाचा रोख आहे.

आपण त्यातले अर्धेच उचलले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने 1938मध्ये दारूबंदीचा कायदा केला, पण तो प्रांतातल्या काही भागांपुरताच लागू केला. मुंबई राज्याचा कायदा 1949चा. राज्य पुनर्रचनेनंतर तोच विदर्भात आला. पुढे महाराष्ट्राने बंदी सैल केली, परवान्यांचे राज्य आले. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्धा मात्र सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून कोरडा राहिला. 1993मध्ये गडचिरोली आणि 2015मध्ये चंद्रपूर त्याच्या जोडीला आले. चंद्रपूरची बंदी 2021मध्ये उठली. या सगळ्या प्रवासात दुकाने बंद झाली, विश्रांतीची ठिकाणे मात्र कागदावरच राहिली.

कायदा निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत शाळेच्या वाटेवर दुकानाची पाटी दिसत नव्हती, याचा मला फायदा झाला. ज्या बायकांनी गावोगाव बंदीसाठी मोर्चे काढले, त्यांच्या बाजूनेच मी उभा राहीन. पण कायद्याला दोनच माणसे ठाऊक असतात, न पिणारा आणि आरोपी. दारू बाळगणे हा जसा गुन्हा, तसे पिणेही कलम 66 खाली गुन्हाच. सोडलेला माणूस चाळीस दिवसांनी एकदा घसरला, तर तो कोणाला सांगणार? लपवतो, आणि लपवण्यासाठी पुन्हा पितो. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने मद्यासक्तीला 1956मध्ये आजार म्हणून मान्यता दिली. आमच्या गल्लीत ती अजून पोचायची आहे.

माझी खरी परीक्षा 2017च्या हिवाळ्यात झाली. त्या साली विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. यवतमाळकडून फवारणीच्या विषबाधेने माणसे गेल्याच्या बातम्या येत होत्या. माझ्या चार एकरांतली पऱ्हाटी वरून हिरवीगार होती. फुले मात्र उमलत नव्हती, पाकळ्या गुंडाळलेल्याच राहात. त्यांना आमच्याकडे डोमकळी म्हणतात. बोंड फोडले की आत अळी आणि किडका, पिवळा कापूस. वेचणीची मजुरीही निघेना. शाळेचा पगार होता म्हणून चूल पेटत होती, पण पीक कर्ज होते आणि मुलाची कॉलेजची फी भरायची होती. पिण्याला इतके चांगले कारण मला आयुष्यात मिळाले नव्हते. नातेवाईकही समजूतदार झाले होते. धुऱ्यावर भेटलेला चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आज घेतली तर कोणी नाव नाही ठेवणार." सहा महिन्यांत ऐकलेले सर्वांत धोक्याचे वाक्य ते हेच. पोळ्याच्या करीला होणारा आग्रह चेष्टेवारी नेता येतो. सहानुभूतीला काय उत्तर द्यायचे?

अशा संध्याकाळचा इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध दाखला आर्वीपासून फार दूरचा आहे. 11 मे 1935, शनिवार. अमेरिकेतल्या ऍक्रन गावच्या मेफ्लॉवर हॉटेलात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल येरझाऱ्या घालत होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फसला, सोबतचे परत गेले, खिशात दहाएक डॉलर उरले. एका बाजूला बार, आतून हसण्या-बोलण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने फोन उचलला आणि भलतीच विनंती केली: मला बोलायला एखादा दारुडा हवा आहे. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांचा करार करून आले होते, बसले मात्र सहा तासांच्या वर. पुढे एका वैद्यकीय संमेलनाला गेले असताना डॉक्टर घसरलेच. त्यांचा शेवटचा प्याला 10 जून 1935चा, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ऍनॉनिमसचा स्थापनादिन मानला जातो. स्थापनेच्या कथेत घसरणे लपवलेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. विल्सन डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता, ती रात्र त्याला स्वतःला काढायची होती.

ही बैठक 1957मध्ये मुंबईत आली, म्हणजे मुंबई राज्यात दारूबंदी असतानाच. बंदीच्या राज्यात अशा बैठकीची गरज भासली, यातच काय ते आले. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले, आणि रुग्णांच्या बायकांनाही एकमेकींशी बोलायला जागा मिळाली. ऍक्रनच्या त्या सहा तासांचे हे मराठी रूप.

तरी आर्वीच्या माणसाला पुण्याकडे पाहण्याआधी नदीपलीकडे पाहता येते. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, जमीन गेली, लहानग्या डेबूला आईबरोबर आजोळी दापुऱ्याला जावे लागले. पुढे याच डेबूने मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण वाढले. पंगतीत किती कुरकुर झाली असेल, याची कल्पना ज्याने भरल्या मांडवात पेला परत केला आहे त्यालाच येईल. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले ते 1935मध्ये. ऍक्रनचेही तेच साल. योगायोगच, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. पण गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना या भागातल्या गावागावांत संध्याकाळी होते, आणि ती वेळ नेमकी गुत्त्याची असते. दिवेलागणीला माणसाने कुठे जावे, या प्रश्नाचे उत्तर त्या खंजिरीने दिले. गांधीजींच्या विश्रांतिस्थानाच्या सर्वांत जवळ मला तीच वाटते, जरी तिच्यात चहा मिळत नाही.

मी फारसा भाविक नाही. त्या हिवाळ्यात मी प्रार्थनेत मागे बसायचो, शब्द पुटपुटायचो, आणि तासभर जायचा. रविवारी बस धरून वर्ध्याला बैठकीला. तिथे एका निवृत्त कंडक्टरने मला विचारले, "आज झोपेपर्यंत काढता येईल?" चार एकरांचे, कर्जाचे, मुलाच्या फीचे त्याने काहीच विचारले नाही. कर्ज त्यानंतर तीन वर्षे फिटत होते.

यंदा ऑगस्टमध्ये एक तरुण मला आर्वीच्या बसस्टँडवर भेटला. सोडून एकोणीस दिवस झाले होते, आणि अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात उभे होते. "सर, घरी जावंसं नाही वाटून राहिलं," तो म्हणाला. कौंडण्यपूरकडची गाडी समोर लागली होती. मी त्याला कँटीनमध्ये नेले. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोन-दोन चहा घेतले. ती गेल्यावर तिसरा त्याने मागवला, आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.