गोळीने जीव राखला, गाल नेले

२००१ साली मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचा मेळ सेवाभावी संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांवर होता! १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत हे उपचार मोफत सुरू झाले. पुढे ते जळगाव-धुळ्यापर्यंत पोहोचले.

मेळातील स्टॅव्ह्युडीन स्वस्त खरे. पण त्याने गालांची, हातापायांची चरबी झडे. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाची गालफडे बसत. कुणाला न सांगितलेला आजार भुसावळच्या फलाटावर, धुळ्याच्या बाजारात चेहराच सांगून टाकील, ही धास्ती मग उरे.

अमेरिकेत २००४ सालीच अशा गालांत भरावयाच्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनास मान्यता मिळाली. ते महाग, शिवाय पुनःपुन्हा टोचून घ्यावे लागे. कापूस वेचणाऱ्या मजुराला ते कुठले परवडणार? पोटाची चरबी गालांत भरण्याची शस्त्रक्रियाही होती. पण अंगावर चरबीच न उरलेल्याने ती आणावी कुठून?

खरा उपाय औषध बदलण्याचाच होता. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन टप्प्याटप्प्याने थांबविण्यास सांगितले. पुढे भारतातही ते मागे पडले. गेलेली चरबी मात्र सावकाश, तीही थोडीच परतते.