ताकाफुमी निशितानी

३. ताकाफुमी निशितानी (जन्म १९७९) : जपानचा शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटर. लेखकाने मजकुरात 'नागानोचा पोरगा' एवढाच उल्लेख केला आहे, तो याचा. फेब्रुवारी १९९८मध्ये नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये, मायदेशी प्रेक्षकांसमोर, १९ वर्षांच्या निशितानीने पुरुषांच्या ५०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. चीनचा आन युलोंग दुसरा आला आणि कांस्यपदकही जपानच्याच हितोशी उएमात्सूला मिळाले. शॉर्ट ट्रॅकमध्ये खेळाडू घड्याळाशी एकेकट्याने झुंजत नाहीत. सगळे एकाच वेळी, सुमारे १११ मीटरच्या लंबवर्तुळाकार बर्फावर, खांद्याला खांदा लावून पळतात. ५०० मीटर म्हणजे जेमतेम साडेचार फेऱ्या. सुरुवातीला मागे पडलेल्याला पुढे निघायला जागाच उरत नाही, आणि एकाचा तोल गेला की शेजारचाही आडवा होतो. म्हणून या यशाला केवळ नशीब म्हणणे मला अन्यायाचे वाटते : पहिल्या वळणावर जागा मिळवणे आणि ती शेवटपर्यंत राखणे हेच या अंतराचे खरे कौशल्य. जपानला या खेळात त्याआधी १९९२च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमधले रिलेचे कांस्यपदक तेवढे मिळाले होते. नागानोनंतर २०२२च्या बीजिंगपर्यंत एकही नाही. इतक्या मोठ्या पोकळीमुळे त्या शर्यतीचे मोल अधिकच जाणवते. पुढे निशितानी केइरिन या जपानी व्यावसायिक सायकल शर्यतींकडे वळला. उएमात्सूनेही तीच वाट धरली. — संपा.