जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलांचे नियंत्रक: जॉयस्टिक आणि गेमपॅड

जॉयस्टिक आणि गेमपॅड हे खेळाडूच्या सूचना व्हिडिओ गेम कन्सोलपर्यंत पोहोचवणाऱ्या नियंत्रकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जॉयस्टिकमध्ये बैठकीवर उभी असलेली दांडी हव्या त्या दिशेला कलवतात. गेमपॅड दोन्ही हातांत धरतात आणि त्यावरील फुलीच्या आकाराची दिशा-कळ, म्हणजेच डी-पॅड, व बटणे अंगठ्यांनी दाबतात. भारतात बोलीभाषेत गेमपॅडलाही अनेकदा ‘जॉयस्टिक’ म्हटले जाते. या लेखात तो शब्द केवळ दांडीच्या नियंत्रकासाठी वापरला आहे. जुन्या कन्सोलसाठी नियंत्रक निवडताना संबंधित खेळ मुळात कोणत्या नियंत्रकासाठी रचला गेला होता, हा सर्वांत उपयुक्त निकष ठरतो.

इतिहास

१९७७ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या अटारी २६०० या कन्सोलसोबत एक दांडी व एकच बटण असलेली जॉयस्टिक मिळत असे. त्यामुळे या कन्सोलपुरता ‘मानक नियंत्रक’ म्हणजे जॉयस्टिकच होय. १९८२ च्या अटारी ५२०० ची ॲनालॉग दांडी सोडल्यावर आपोआप मध्यावर परतत नसे. झटपट दिशा बदलण्याच्या खेळांत ही मोठी अडचण ठरली.

निन्टेंडो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी ‘गेम अँड वॉच’ मालिकेतील ‘डाँकी काँग’ (१९८२) या हातात धरून खेळायच्या खेळासाठी फुलीच्या आकाराची दिशा-कळ तयार केली. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमच्या आणि पुढे अमेरिकेत आलेल्या त्याच्या एनईएस या आवृत्तीच्या नियंत्रकांवर हीच कळ होती. त्यानंतर बहुतेक घरगुती कन्सोलांनी गेमपॅडचा स्वीकार केला. एसएनके कंपनीचा निओ जिओ एईएस (१९९०) हा ठळक अपवाद होता. त्यावर आर्केडमधील खेळ जसेच्या तसे चालत असल्याने त्याच्यासोबत मोठी जॉयस्टिकच दिली जाई. १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये डी-पॅड आणि अंगठ्याने हलवायची लहान ॲनालॉग दांडी हे दोन्ही एकाच नियंत्रकावर आले.

रचना व कार्य

या काळातील बहुतेक जॉयस्टिक आणि डी-पॅड यांचे विद्युत कार्य सारखेच असते. वर, खाली, डावीकडे व उजवीकडे या दिशांसाठी चार स्विच असतात आणि शेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबले गेले की तिरकी दिशा मिळते. खरा फरक हाताच्या हालचालीत असतो. दांडी हलवण्यासाठी मनगट व पुढचा हात वापरावा लागतो, तिचा प्रवास लांब असतो आणि बैठक स्थिर असावी लागते. डी-पॅडवर अंगठ्याची अगदी लहान हालचाल पुरते.

जॉयस्टिकमध्ये दांडीचा प्रवास ठरवणारी चौकट महत्त्वाची असते. आर्केडमधील ‘पॅक-मॅन’ (१९८०) आणि ‘डाँकी काँग’ (१९८१) यांना चार दिशांची दांडी होती. असे खेळ आठ दिशांच्या दांडीवर खेळल्यास वळणाच्या जागी नकळत तिरकी दिशा लागून वळण चुकू शकते. याउलट ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) मध्ये काही खास डावांसाठी दांडी पाव वर्तुळात फिरवावी लागते. तेथे आठ दिशा अनिवार्य असतात.

खेळानुसार निवड

आर्केडमधून घरगुती कन्सोलवर आलेल्या मारामारीच्या आणि नेमबाजीच्या खेळांसाठी जॉयस्टिक सोयीची मानली जाते. मात्र बटणांची संख्या जुळणे आवश्यक असते. ‘स्ट्रीट फायटर २’ ला सहा बटणे लागतात, तर सेगा मेगा ड्राइव्हच्या मूळ पॅडवर स्टार्ट वगळता तीनच होती. त्यामुळे तीन बटणांच्या पॅडवर ठोसे व लाथा यांच्यात अदलाबदल करण्यासाठी स्टार्ट बटण दाबावे लागे. १९९३ मध्ये आलेल्या सहा बटणांच्या पॅडने ही अडचण दूर केली.

गेमपॅड समोर ठेवूनच रचलेल्या खेळांची गोष्ट वेगळी आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मध्ये ‘बी’ बटण दाबून धावत असताना त्याच अंगठ्याच्या पेराने ‘ए’ दाबून उडी मारता येते. जॉयस्टिकच्या बैठकीवर हेच काम दोन बोटांनी करावे लागते व सवय बदलावी लागते. एनईएससाठी निन्टेंडोने काढलेल्या ‘ॲडव्हान्टेज’ (१९८७) या जॉयस्टिकमध्ये बटण आपोआप वारंवार दाबले जाण्याची टर्बो सोय होती. तिच्यातील खेळ संथ करण्याची सोय केवळ स्टार्ट बटण पुन्हा पुन्हा दाबत असल्याने सर्व खेळांत उपयोगी पडत नसे.

जोडणीची सुसंगतता

अटारी २६०० आणि मेगा ड्राइव्ह या दोन्ही कन्सोलांना नऊ पिनांची जोडणी आहे. मेगा ड्राइव्हचा पॅड अटारी २६०० वर एका बटणापुरता वापरता येतो. तथापि, जोडणीचा आकार सारखा असला तरी पिनांची विद्युत मांडणी सारखी असेलच असे नाही आणि चुकीच्या जोडीमुळे उपकरण बिघडू शकते.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रासह भारतभर फॅमिकॉमच्या नकला असलेले कन्सोल विकले जात. मूळ एनईएसच्या जोडणीला सात पिना असताना यांपैकी अनेकांच्या पॅडला नऊ पिनांची जोडणी व दोन जादा टर्बो बटणे असत. हे पॅड बटणांची स्थिती एकापाठोपाठ एक पाठवतात, तर अटारीमध्ये प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र तार असते. म्हणून हे पॅड अटारीवर चालत नाहीत.

शारीरिक सोय

डी-पॅडवर दीर्घकाळ खेळल्यास अंगठ्यावर ताण येतो, तर जॉयस्टिक घट्ट आवळून धरल्यास मनगट दुखू शकते. अंगठ्याची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तीला टेबलावर ठेवलेली जॉयस्टिक सोपी जाऊ शकते. हातांचा वापर करू न शकणाऱ्या खेळाडूंसाठी निन्टेंडोने १९८९ मध्ये ‘हँड्स फ्री’ हा नियंत्रक उपलब्ध केला. तो छातीवर बांधला जाई. त्यातील दांडी हनुवटीने हलवत आणि ‘ए’ व ‘बी’ बटणांचे काम नळीतून हवा फुंकून किंवा ओढून करत.

झीज व तपासणी

जॉयस्टिकमध्ये दांडीच्या तळाचे प्लॅस्टिकचे भाग तुटतात किंवा स्विच निकामी होतात. गेमपॅडमध्ये कळांखालील वाहक रबर झिजते अथवा त्यावर मळ साचतो. वापरलेला नियंत्रक घेताना चारही मुख्य व चारही तिरक्या दिशा स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, तसेच आपोआप मध्यावर येणारी दांडी सोडताच परतते की नाही हे पाहावे लागते. अनेक नियंत्रकांमधील रबर व स्विच बदलता येत असल्याने अशा दोषांची बरेचदा दुरुस्ती होऊ शकते.